आकडा बाहेरचा, आवाज आतला : छोट्या एसयूव्हीसाठी शांत टायर निवडताना

तिरुवलंचुळी (कुंभकोणम) : पुण्याहून मोटारीने तंजावर-कुंभकोणमच्या यात्रेस निघालेल्या कुटुंबाला बेंगळुरू, सेलम, तिरुचिरापल्ली असा बाराशे किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो. कुंभकोणमच्या अलीकडे सहा-सात किलोमीटरवर तिरुवलंचुळी लागते. कावेरीच्या प्रवाहाने येथे उजवीकडे घेतलेल्या वळणावरून गावाला हे नाव मिळाले, असे सांगितले जाते. येथील श्वेत विनायकाच्या दर्शनासाठी थांबलेल्या मराठी भाविकाने या प्रवासात किमान तीन प्रकारचे रस्ते अनुभवलेले असतात : महामार्गाचे गुळगुळीत डांबर, अधूनमधून येणारे सिमेंट काँक्रीट आणि त्रिभुज प्रदेशातील भातखाचरांमधून जाणारा, जागोजागी दुरुस्त केलेला गावरस्ता. गाडी तीच, टायर तेच. मात्र आतला आवाज तिन्ही ठिकाणी वेगळा. टायर पन्नास हजार किलोमीटर चाललेले असतील, तर काँक्रीटवर मागच्या आसनावरील व्यक्तीशी बोलण्यासाठी आवाज चढवावा लागतो.

चार मीटरच्या आतील किंवा त्याहून किंचित लांब अशा छोट्या एसयूव्ही आज भारतीय कुटुंबांच्या पहिल्या पसंतीच्या मोटारी ठरल्या आहेत. त्यांतील अनेक गाड्यांचे मूळ टायर आता झिजून बदलण्याच्या टप्प्यावर आले आहेत. नवे टायर घेताना ‘आवाज कमी हवा आणि धक्के कमी बसावेत’ ही अपेक्षा बहुतेक ग्राहक व्यक्त करतात. दुकानात या अपेक्षेला उत्तर मिळते ते एखाद्या कंपनीच्या नावाचे. प्रत्यक्षात शांतता हा केवळ टायरचा गुण नाही. टायर, रस्ता, हवेचा दाब आणि गाडीची बांधणी यांतून तो आवाज तयार होतो. त्यातील टायरचा वाटा नेमका किती, हे कळण्याची सोय भारतीय ग्राहकाला अद्याप पुरेशी उपलब्ध नाही.

साधारण ताशी ४० ते ५० किलोमीटरच्या पुढे मोटारीच्या इंजिनापेक्षा टायरचा आवाज वरचढ ठरतो. वेग दुप्पट झाला की हा आवाज नऊ ते बारा डेसिबलने वाढतो. त्यामागे तीन क्रिया असतात. टायरच्या पृष्ठभागावरील रबराचे ठोकळे एकामागून एक रस्त्यावर आदळतात, ही पहिली. दोन ठोकळ्यांमधील खोबणीत अडकलेली हवा रस्त्याला टेकताना दाबली जाऊन झटक्याने बाहेर पडते, ही दुसरी. तिसरी क्रिया टायरच्या पोटात घडते. आतील हवेचे कडे स्वतःच्या ठरावीक कंपनसंख्येने घुमते. २१५/६० आर १६ या मापाच्या टायरमध्ये ही कंपनसंख्या सुमारे २०० हर्ट्झ भरते. खडबडीत रस्त्यावर गाडीत जो खोल, पोकळ ‘घूं’ ऐकू येतो, त्यात या घुमण्याचा मोठा भाग असतो.

पहिल्या दोन क्रियांवर उपाय नक्षीत असतो. सर्व ठोकळे एकाच लांबीचे ठेवले, तर प्रत्येक आघाताची लय जुळून एक सलग, टोकदार सूर उमटतो. म्हणून उत्पादक ठोकळ्यांची लांबी जाणीवपूर्वक कमी-अधिक ठेवतात. त्यामुळे एकूण ध्वनी फारसा घटला नाही, तरी तो अनेक सुरांत विखुरतो आणि कानाला कमी त्रासदायक वाटतो. खोबणीच्या भिंतींवर बारीक चिरा देणे, आडव्या खोबण्या बाहेरच्या कडेपर्यंत उघड्या न सोडणे हे उपायही याच जातीचे. डाव्या-उजव्या बाजूंची नक्षी वेगवेगळी असलेले टायर महामार्गावरील मोटारींसाठी लोकप्रिय होण्यामागे हेही एक कारण आहे. आतील बाजू पाणी बाहेर काढण्यासाठी खुली ठेवता येते आणि बाहेरची बाजू वळणावरील पकडीसाठी सलग ठेवता येते.

हाच तर्क रस्त्यालाही लागू होतो. काँक्रीटचा रस्ता ओला असताना घसरू नये, म्हणून त्यावर आडव्या रेघा ओढलेल्या असतात. त्या समान अंतरावर असतील, तर टायरची नक्षी कितीही कुशलतेने आखलेली असो, रस्ता स्वतःच शीळ घालू लागतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि ५ जून २०२५ रोजी पूर्ण लांबीने खुला झालेला ७०१ किलोमीटरचा मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग हे काँक्रीटचे आहेत. राज्यातील अनेक शहरांतील रस्तेही झपाट्याने काँक्रीटचे होत आहेत. त्यामुळे ‘नवी गाडी आवाज फार करते’ या तक्रारीचे मूळ महाराष्ट्रात बऱ्याचदा चाकाखाली नसून त्याच्याही खाली असते. टायर बदलण्यापूर्वी तीच गाडी त्याच वेगाने चांगल्या डांबरी रस्त्यावर चालवून पाहिल्यास निम्मा उलगडा होतो.

उरलेला निम्मा उलगडा गॅरेजमध्ये होऊ शकतो. झिजलेल्या टायरवर रबराच्या ठोकळ्यांची एक कड उंच आणि दुसरी खोल होते. टायरच्या परिघावरून तळहात एका दिशेने फिरवला तर तो गुळगुळीत लागतो आणि उलट दिशेने फिरवला तर करवतीच्या दात्यांसारखा टोचतो. असा टायर ताशी ६० ते ८० किलोमीटर वेगात विमानासारखी घरघर करतो. चाकांचे अलाइनमेंट बिघडणे, वेळेवर टायरची अदलाबदल न होणे, हवा कमी ठेवणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. चाकाचे बेअरिंग खराब झाल्यासही जवळपास तसाच आवाज येतो. दोहोंतील फरक असा की रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की टायरचा आवाज बदलतो. बेअरिंगचा सहसा तसाच राहतो आणि वळणावर, एका बाजूला भार पडताच, वाढतो किंवा कमी होतो. बॅलन्सिंगचा दोष असेल तर आवाजापेक्षा स्टीअरिंगला थरथर जाणवते आणि तीही एका ठरावीक वेगापुरती. या तपासण्या न करता चार टायर बदलणाऱ्या ग्राहकाला काही दिवस समाधान मिळते, कारण कोणताही नवा टायर झिजलेल्या टायरपेक्षा शांतच असतो. मूळ दोष कायम असेल तर दहा-पंधरा हजार किलोमीटरनंतर घरघर परत येते आणि दोष नव्या कंपनीच्या माथी मारला जातो.

गाडी सुस्थितीत आहे आणि टायर खरोखरच संपले आहेत, असे गृहीत धरले तर ग्राहकापुढे पहिला प्रश्न माहितीचा उभा राहतो. युरोपीय महासंघात २०१२ पासून प्रत्येक नव्या टायरवर इंधनबचत, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज या तीन बाबींचे लेबल सक्तीचे आहे. मे २०२१ पासून त्याची सुधारित आवृत्ती लागू झाली. त्यात आवाजाचा डेसिबलमधील आकडा छापलेला असतो. भारतात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जून २०२२ च्या अधिसूचनेद्वारे मोटार, हलकी मालवाहू वाहने आणि ट्रक-बसच्या टायरना एआयएस-१४२ हे मानक बंधनकारक केले. नव्या रचनेच्या टायरना ते १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि आधीपासून बाजारात असलेल्या रचनांना २०२३ मध्ये टप्प्याटप्प्याने लागू झाले. हे मानकही त्याच तीन बाबी तपासते. वाहन उद्योगाची अशी मानके पुण्यातील एआरएआय ही संस्था प्रसिद्ध करते, त्यामुळे या विषयाशी महाराष्ट्राचा जवळचा संबंध आहे.

फरक मात्र मूलभूत आहे. भारतीय नियम उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच ठरवतो. काठावर उत्तीर्ण झालेला आणि विशेष प्रावीण्याने उत्तीर्ण झालेला टायर दुकानाच्या फळीवर शेजारी शेजारी, एकाच दर्जाचे म्हणून उभे असतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने टायरसाठी तारांकनाची ऐच्छिक योजना सुरू केली आहे. तिचा रोख मुख्यतः इंधनबचतीकडे आहे. पाच तारे असलेला टायर गाडीत शांत असेलच, असा त्याचा अर्थ काढता येत नाही. दुकानदारही अनेकदा ही गल्लत करतात, हे ग्राहकाने ध्यानात घ्यावे.

डेसिबलचा आकडा मिळाला, तरी तो जपून वाचावा लागतो. आंतरराष्ट्रीय चाचणीत गाडीचे इंजिन बंद करून ती ताशी ८० किलोमीटर वेगाने मायक्रोफोनसमोरून घरंगळत नेली जाते. मायक्रोफोन मार्गाच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर असतो आणि रस्ता बारीक खडीचा, विशिष्ट प्रतीचा डांबरी असतो. म्हणजे हा आकडा रस्त्याकडेच्या घरात राहणाऱ्या माणसाच्या कानाचा आहे, गाडीत बसलेल्या प्रवाशाचा नाही. गाडीत पोहोचणाऱ्या आवाजाचा मोठा भाग हवेतून न येता रिम, सस्पेन्शन आणि गाडीच्या पत्र्यातून कंपनांच्या रूपाने येतो. बाहेर ६९ डेसिबल नोंदवणारा टायर आत ७१ डेसिबलवाल्यापेक्षा अधिक घुमू शकतो. तरीही आकडा निरुपयोगी नाही. डेसिबलची मोजपट्टी सरळ रेषेत चालत नाही. तीन डेसिबल कमी म्हणजे ध्वनीची ऊर्जा निम्मी. १८५ ते २४५ मिलिमीटर रुंदीच्या मोटार टायरसाठी या चाचणीच्या दुसऱ्या टप्प्यातील कमाल मर्यादा ७१ डेसिबल आहे. एखाद्या टायरचा आकडा ६८ असेल, तर तो मर्यादेवरच्या टायरच्या निम्मीच ध्वनिऊर्जा बाहेर टाकतो.

भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक टायरवर एक उपयुक्त खूण आढळते, जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. टायरच्या बाजूच्या भिंतीवर वर्तुळात इंग्रजी ‘ई’ अक्षर आणि त्यासोबत एक अंक असेल, तर तो टायर संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आयोगाच्या नियमांनुसार मान्यताप्राप्त आहे. त्याच्या मान्यता क्रमांकाशेजारी ‘एस२’ हे चिन्ह असल्यास आवाजाच्या दुसऱ्या टप्प्याची मर्यादा पाळलेली असते. ‘डब्ल्यू’ ओल्या रस्त्यावरील पकडीसाठी असतो आणि ‘आर२’ घरंगळण्यातील रोधासाठी. युरोपात निर्यात होणाऱ्या रचनेचा आकडा तेथील सार्वजनिक नोंदींतून शोधता येतो. मात्र नाव सारखे असले तरी भारतासाठी बनवलेल्या टायरचे रबर आणि आतील बांधणी वेगळी असू शकते. परदेशी मासिकांतील चाचण्यांचे निकाल येथे जसेच्या तसे लागू करणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

मापाचा प्रश्न याहून सोपा आहे. दुर्दैवाने बहुतेक चुकाही तेथेच होतात. २१५/६० आर १६ यात २१५ ही मिलिमीटरमधील रुंदी आहे. ६० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, अर्थात १२९ मिलिमीटर. १६ हा रिमचा इंचांतील व्यास. या गटातील गाड्यांना कंपनीकडून साधारणपणे १९५/६० आर १६, २०५/६५ आर १६, २१५/६० आर १६, २१५/६० आर १७ किंवा २१५/५५ आर १७ अशी मापे दिली जातात. यांतील शेवटच्या मापात भिंतीची उंची सुमारे ११८ मिलिमीटर उरते. २०५/६५ आर १६ मध्ये ती १३३ मिलिमीटर असते. खड्ड्याचा धक्का सर्वांत आधी हीच भिंत झेलते. पंधरा मिलिमीटरचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण कंबरेला तो कळतो.

अनेक गाड्यांच्या वरच्या श्रेणीत मोठे रिम आणि पातळ टायर असतात, तर खालच्या श्रेणीत त्याच गाडीला लहान रिम आणि उंच भिंतीचे टायर असतात. आराम हाच निकष असेल, तर खालच्या श्रेणीचे मूळ माप अनेकदा अधिक सुखाचे ठरते. परंतु रिम बदलणे खर्चिक आहे. लहान रिम ब्रेकच्या यंत्रणेला अडत नाही ना, हे पाहावे लागते. म्हणून कंपनीने त्याच गाडीसाठी, त्याच इंजिनासाठी मान्य केलेल्या मापांच्या पलीकडे जाऊ नये. उलट दिशेचा मोह अधिक सामान्य आहे. गाडी भारदस्त दिसावी म्हणून २३५ रुंदीचे टायर बसवले जातात. रुंद टायर जास्त हवा दाबतो, जास्त आवाज करतो, पावसात साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो आणि इंधनही अधिक खातो. दिसण्याखेरीज त्याचा काही लाभ या वर्गातील गाडीला होत असल्याचे दिसत नाही.

मापापुढील अंक आणि अक्षर म्हणजे भारक्षमता व वेगमर्यादा. ‘९५ एच’ याचा अर्थ प्रत्येक टायर ६९० किलो भार आणि ताशी २१० किलोमीटर वेग पेलू शकतो. नवा टायर यापेक्षा कमी क्षमतेचा घेऊ नये. फार जास्त भारक्षमतेचा घेतला, तर त्याचा सांगाडा ताठ असतो आणि धक्के अधिक जाणवतात. विजेवर चालणाऱ्या एसयूव्हीचे वजन बॅटरीमुळे जास्त असते, म्हणून तिला ताठ सांगाडा अपरिहार्य ठरतो. इंजिनाचा आवाज नसल्याने टायरची गुणगुणही तिच्यात जास्त ऐकू येते. अशा गाडीचे टायर निवडताना पेट्रोल गाडीच्या मालकाचा अनुभव फारसा कामाचा नाही.

नक्षीच्या बाबतीत एसयूव्हीचे टायर ढोबळमानाने दोन घराण्यांचे असतात. ‘एच/टी’ म्हणजे महामार्गासाठीचे आणि ‘ए/टी’ म्हणजे सर्व प्रकारच्या भूभागासाठीचे. दुसऱ्या प्रकारात ठोकळे मोठे, खोबण्या रुंद आणि रबर कडक असते. ते डोंगरातील कच्च्या वाटेवर उपयोगी पडतात आणि महामार्गावर दिवसभर गुंजन करतात. वर्षातून दोनदा कोकणातील गावी जाणाऱ्या कुटुंबाला ‘ए/टी’ टायरची गरज नसते. शांतता हवी असेल तर ‘एच/टी’ किंवा मोटारींसाठीच्या ‘टूरिंग’ गटातील टायर पाहावेत. मिशेलिनचा प्रायमसी ४ एसटी, ब्रिजस्टोनचा तुरांझा ६आय, योकोहामाचा ब्लूअर्थ-जीटी, गुडइयरचा अश्युरन्स कम्फर्टट्रेड हे आरामाला प्राधान्य देणाऱ्या गटातील म्हणून ओळखले जातात. अपोलोचा अ‍ॅप्टेरा क्रॉस किंवा सिएटचा सिक्युराड्राइव्ह ही देशी कंपन्यांची या वर्गातील गाड्यांसाठीची नावे आहेत. यांतील प्रत्येक टायर प्रत्येक मापात मिळतोच असे नाही. खरेदीचा निर्णय अनेकदा येथेच, उपलब्धतेवर, होऊन जातो.

या उपलब्धतेमागे धोरणाचाही भाग आहे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरच्या आयातीला ‘प्रतिबंधित’ गटात टाकले आणि परवाना आवश्यक केला. त्यामुळे परदेशात ‘अतिशांत’ म्हणून नावाजलेले काही प्रकार येथे क्वचित दिसतात. दुसरीकडे देशांतर्गत उत्पादनाचे जाळे मोठे आहे आणि त्यात तामिळनाडूचे स्थान अग्रभागी आहे. १९४६ मध्ये चेन्नईच्या तिरुवोत्तियूर भागात फुगे बनवण्याच्या छोट्या उद्योगातून मद्रास रबर फॅक्टरी, म्हणजे आजची एमआरएफ, उभी राहिली. अपोलोचा ओरगडम येथील, जेके टायरचा श्रीपेरुंबुदूर येथील आणि मिशेलिनचा तेर्वाय कंडिगै येथील कारखाना हे सारे चेन्नईच्या परिसरात आहेत. महाराष्ट्रात सिएटचे भांडुप आणि नाशिक, ब्रिजस्टोनचे चाकण, गुडइयरचे छत्रपती संभाजीनगर असे कारखाने आहेत. तिरुवलंचुळीच्या वाहनतळावर उभ्या असलेल्या मराठी गाडीचे टायर याच दोन राज्यांपैकी एकात घडलेले असण्याची शक्यता बरीच आहे.

टायरच्या पोटातील घुमण्यावर उत्पादकांनी शोधलेला उपाय म्हणजे आतल्या बाजूस पॉलियुरेथेन फोमची पट्टी चिकटवणे. ही पट्टी हवेच्या कंपनांची ऊर्जा शोषून घेते. तिरुवलंचुळीचा श्वेत विनायक समुद्राच्या फेसापासून घडला अशी श्रद्धा आहे आणि म्हणून त्याच्यावर जलाभिषेक होत नाही. फेसाची नाजूकता टायरमधील फोमलाही चुकलेली नाही. पंक्चर काढताना ती पट्टी कापावी लागते आणि दुरुस्तीनंतर नीट न बसवल्यास चाकाचा तोल बिघडतो. असे टायर आज मुख्यतः महागड्या मोटारींच्या मापांत मिळतात. छोट्या एसयूव्हीच्या मालकाने त्यासाठी वाट पाहण्यात अर्थ नाही.

शांततेच्या मागे धावताना एका गोष्टीशी तडजोड करता येत नाही, ती म्हणजे ओल्या रस्त्यावरील पकड. खोबण्या अरुंद आणि उथळ केल्या की टायर शांत होतो, मात्र पाणी बाहेर फेकण्याची त्याची क्षमता घटते. कोकण आणि घाटमाथा जून ते सप्टेंबर भिजतो, तर कावेरीचा त्रिभुज प्रदेश ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी पावसात. दिवाळीच्या सुटीत महाराष्ट्रातून निघालेली गाडी कोरड्या हवेतून थेट या पावसात शिरते. कायद्याने मोटारीच्या टायरची खोबणी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते. नव्या टायरमध्ये ती साधारण ७ ते ८ मिलिमीटर असते. सुमारे ३ मिलिमीटरच्या खाली आल्यावर ओल्या रस्त्यावर थांबण्याचे अंतर झपाट्याने वाढू लागते. म्हणजे कायद्याची मर्यादा गाठण्याच्या बऱ्याच आधी टायर पावसाळ्यासाठी निकामी झालेला असतो. समृद्धी महामार्गावरील अपघातांनंतर परिवहन विभागाने २०२३ मध्ये प्रवेशद्वारांजवळ टायरची तपासणी सुरू केली, ती उन्हात तापून टायर फुटण्याच्या भीतीने. पावसातील घसरणीची भीती मात्र अजून तितकी रुजलेली नाही.

दुसरी देवाणघेवाण आयुष्याशी आहे. मऊ रबर रस्त्याला चिकटून राहते, धक्के गिळते आणि लवकर झिजते. अनेक टायरवर ‘ट्रेडवेअर’ असा शब्द आणि पुढे ३२०, ४२० असा अंक असतो. अंक मोठा म्हणजे टायर जास्त टिकण्याची अपेक्षा. मात्र हा अंक उत्पादक स्वतः ठरवतो, त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांचे अंक समोरासमोर ठेवून निष्कर्ष काढू नये. वर्षाला आठ-नऊ हजार किलोमीटर गाडी चालवणाऱ्या कुटुंबाला टायरचे आयुष्य किलोमीटरने नव्हे, तर वयाने संपण्याचा संभव जास्त. सहा-सात वर्षांत रबर कडक होते आणि टायर जुना असल्याचे सर्वप्रथम आवाजातून कळते. अशा ग्राहकाने मऊ, आरामदायी टायर निःशंकपणे घ्यावा. टॅक्सीसारखा रोजचा वापर असेल तर हिशेब उलटा.

वयाचा पुरावा टायरवरच असतो. ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या मजकुराच्या शेवटी चार अंक असतात. २३२५ म्हणजे २०२५ मधील २३वा आठवडा. दुकानदार सवलत देतो तेव्हा हे अंक आधी पाहावेत. भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्हही प्रत्येक टायरवर असलेच पाहिजे. २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशापासून ते बंधनकारक आहे. दराबाबत ग्राहकाला थोडा दिलासा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या मोटार टायरवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी ६,००० रुपये किमतीचा टायर पूर्वी ७,६८० रुपयांना पडत होता, तो आता ७,०८० रुपयांना पडतो. चार टायरमागे २,४०० रुपये वाचतात. हे पैसे अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि नवे व्हॉल्व्ह यांवर खर्च केले, तर शांततेत पडणारी भर महागडा टायर घेण्याइतकीच मोलाची असते.

हवेचा दाब ही सर्वांत स्वस्त सुधारणा आहे आणि तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. योग्य दाब टायरवर लिहिलेला नसतो. टायरवर छापलेला असतो तो कमाल दाब. योग्य आकडा चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरील पत्रकावर, रिकामी गाडी आणि भरलेली गाडी अशा दोन रकान्यांत दिलेला असतो. पेट्रोल पंपावर सवयीने चार-पाच पीएसआय जास्त हवा भरली जाते. टायर दगडासारखा होतो आणि मालक सस्पेन्शनला दोष देतो. दाब सकाळी, टायर थंड असताना मोजावा. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की दाब सुमारे एक पीएसआयने चढतो. दिवसभर तापलेल्या टायरमधून हवा कमी केली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे ती कमी पडते. नायट्रोजन भरल्याने दाब थोडा अधिक काळ टिकू शकतो. आवाज मात्र कमी होत नाही.

नवे टायर बसवल्यानंतर पहिले काही शे किलोमीटर पृष्ठभागावरील चकाकी झिजेपर्यंत पकड पूर्ण मिळत नाही, तेव्हा लांबच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी टायर बदलणे टाळावे. त्यानंतर दर आठ ते दहा हजार किलोमीटरला पुढच्या-मागच्या चाकांची अदलाबदल करावी. करवतीसारखी झीज रोखण्याचा तोच खात्रीचा मार्ग आहे. ज्या टायरवर फिरण्याची दिशा बाणाने दाखवलेली असते, त्यांची अदलाबदल त्याच बाजूला पुढे-मागे एवढीच करता येते. एका आसावर दोन वेगळ्या नक्षीचे टायर ठेवू नयेत. खर्चामुळे दोनच टायर घ्यायचे असतील, तर ते मागच्या चाकांना बसवावेत, गाडी पुढच्या चाकांवर ओढली जाणारी असली तरीही. पुढची चाके घसरू लागली तर चालकाला स्टीअरिंगमधून ते जाणवते आणि वेग कमी करण्यास अवधी मिळतो. ओल्या रस्त्यावर मागची चाके सुटली तर गाडी स्वतःभोवती फिरते.